चौथी भीत

मित्रांनो, मी माती दाबणारा आहे. लोखंडाची एक पेटी, तिला जाड झाकण, आणि झाकणावरून जाणारा माणसाच्या उंचीएवढा दांडा, एवढाच माझा देह. पेटीत माती भरायची, झाकण लावायचे आणि दांडा ओढायचा. पेटीचा तळ खालून वर सरकतो, माती दबते आणि वीट तयार होते. भट्टी लागत नाही, लाकूड जाळावे लागत नाही. सरकारी कागदावर माझे नाव लांबलचक आहे. गावाने मला दाब्या म्हटले, आणि मला तेच आवडते. आता मी जुना झालो आहे. धाड नावाच्या मोठ्या गावाजवळ, एका खेड्यात, ग्रामपंचायतीच्या मागे, पत्र्याखाली उभा असतो.

महाराष्ट्र राज्य झाले त्यानंतर दोन वर्षांनी खामगावच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या मिस्त्रींनी माझ्या पेटीच्या आतल्या बाजू कानशीने इतक्या घासल्या की त्यांत तोंड दिसावे. बाहेरून मला हिरवा रंग दिला. तेव्हा मला त्या रंगाचाच अभिमान वाटायचा. माझे सारे काम आतल्या गुळगुळीतपणावर चालते, हे पुढे कळले.

गावात माझे मोठे स्वागत झाले. ओव्हरसियर साहेबांनी चावडीपुढे अकरा विटा पाडून दाखवल्या. एका आजोबांनी विटेवर उभे राहून पाहिले, वीट मोडली नाही. टाळ्या झाल्या, मला हार घातला. मग साहेब गेले, हार सुकला, आणि मला चावडीच्या कोपऱ्यात ढकलले. एका कोंबडीने माझ्या पेटीत अंडी घातली, ती उबवली आणि पिले घेऊन तीही निघून गेली. वर्ष सरले. माझ्यासोबत आलेल्या छापील कागदावर लिहिले होते, 'या यंत्रावर तीन माणसांनी काम करावे.' एकाने माती भरावी, दुसऱ्याने दांडा ओढावा, तिसऱ्याने वीट उचलावी. गावात कुणाचीच तीन माणसे मोकळी नव्हती.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी एक बाई चावडीत आली. चाळिशीची, अंगाने काटकुळी, पदर कमरेला खोचलेला. तिचे नाव सत्यभामाबाई. ग्रामसेवक वामनराव टेबलाशी लिहीत बसले होते.

"थो दाब्या पायजे मले," ती म्हणाली.

वामनरावांनी कागद काढून वाचला. "यावर तीन माणसे लागतात, बाई. तुमच्याकडे किती?"

"मी. अन् हे दोन हात. मोजा, तीन भरतात."

वामनराव हसले. पण ती हसली नाही, तेव्हा त्यांनी मुकाट्याने लेखणी उचलली.

तिची हकीकत मला हळूहळू कळली, कारण काम करताना ती माझ्याशीच बोलायची. नवरा वारल्यापासून ती दिराच्या, पंजाबरावांच्या, पडवीत राहत होती. पडवीच्या अर्ध्या भागात बैल बांधलेले असत. एकुलती एक मुलगी बेबी जानेफळला दिलेली. संक्रांतीचा तीळगूळ घेऊन सत्यभामाबाई तिकडे गेली, तेव्हा बेबीला तीन महिने झाल्याचे कळले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, हा रिवाज. सातव्या महिन्यात मुलीला आणायचे. आठव्यात प्रवास करू देत नाहीत. सत्यभामाबाईने ते बोलून दाखवले, आणि तिची विहीण रुक्मिणीबाई सरळ म्हणाली, "नेता कुठं, इहीनबाई? एका आंगानं बैलं अन् एका आंगानं बाळंतीण?"

"आखाजीले न्यायले येतो. माह्या घरी."

"कोनत्या घरी?"

सत्यभामाबाईचे घर नव्हतेच. ओढ्याकाठी नवऱ्याच्या वाटणीचा एक जमिनीचा तुकडा मात्र होता. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या तिने त्यावर एक खोली मनाने बांधली. संक्रांतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे आखाजीपर्यंत, साडेतीन महिने हातात होते.

पंजाबराव वाईट माणूस नव्हते. पण भावजय वेगळे घर बांधते हे त्यांना लागले होते. "लोक म्हनतील, पंजाबनं इधवा भावजयीले घराभाईर काढलं. म्या का काढलं तुमाले?" ते म्हणाले. तिने समजावून पाहिले. ते ऐकेनात, आणि त्यांच्या रागाच्या धाकाने शेजारपाजारचेही कुणी हात लावायला येईना. कोतवालाने मला बैलगाडीतून ओढ्याकाठी आणून उतरवले आणि तोही गेला. तेव्हापासून आम्ही दोघेच.

मित्रांनो, सत्यभामाबाई मातीकामात अडाणी नव्हती. भिंती लिंपण्यात तिचा हात गावात पहिला होता. आणि नेमके तेच आडवे आले. तिने माळाच्या बरडावरची तांबूस माती आणली हे योग्य केले, कारण काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. पण पुढे तिने सवयीप्रमाणे त्या मातीत भरपूर पाणी ओतले, गव्हाचे भूस टाकले आणि पायांनी तुडवून लोण्यासारखा चिखल केला. तो माझ्यात भरला, झाकण लावले आणि दांडा ओढला. फटीफटीतून चिखल पिचकाऱ्यांसारखा उडाला. जी वीट वर आली ती उभीच राहीना.

"अगाई! हे तं पिठलं झालं," ती म्हणाली.

पंजाबराव वावरात निघाले होते. बैल थांबवून त्यांनी विचारले, "वैनी, भाकर आनू का?"

तिने तोंडावरचा चिखल पुसला. "आना. कांदाबी आनजा."

ती रुसून बसली नाही. तीन दिवस तिने नुसती माती कालवून पाहिली. वीट कोरडी झाली की काठ झडायचे, ओली झाली की पोट सुटायचे. चौथ्या दिवशी तिला जमले. मूठभर माती आवळायची. गोळा वळला पाहिजे, पण तळहात ओला व्हायला नको. मग तो गोळा कंबरेच्या उंचीवरून खाली टाकायचा. पडून त्याचे चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, नुसताच चपटा झाला तर जास्त. यामागचे कारण मी तुम्हाला सांगतो. मातीच्या कणांमध्ये हवा असते. दाबून मी ती बाहेर काढतो आणि कण एकमेकांना घट्ट धरतात. पाणी मात्र दबत नाही. ते कणांमध्ये जागा अडवून बसते, आणि वीट वाळली की ती जागा पोकळ राहते. वीट आकसते, तडकते. सत्यभामाबाईला हे शब्द ठाऊक नव्हते, पण तिच्या मुठीला ते समजले होते.

दुसरी अडचण तिच्या वजनाची होती. दांडा ओढला की वीट दबण्याऐवजी मीच तिच्याकडे कलायचो. तिने ओढ्यातून दगड आणून माझ्या बैठकीच्या फळीवर रचले. आणि दांडा नुसत्या हातांनी येईना म्हणून ती त्याला लोंबकळायची. दोन्ही पाय जमिनीवरून सुटायचे. दांडा हळूहळू खाली यायचा, तशी तीही खाली यायची. मग झाकण काढायचे, दांडा उलट दाबून वीट वर आणायची, दोन्ही तळहातांत धरून सावलीत नेऊन ठेवायची, आणि परत येऊन माती चाळायची. दिवसाला पंचवीस-तीस विटा व्हायच्या. खोलीला आठशे लागणार होत्या.

"तुले लागलं का रे?" झाकण जोरात आपटले की ती मला विचारायची. संध्याकाळी बोटाला करडीचे तेल लावून माझ्या पेटीच्या आतून फिरवायची. माझ्या हिरव्या रंगाचे तोवर पोपडे निघाले होते, पण आतून मी कधी नव्हे इतका झळकत होतो.

जुन्या विटा वाळतील तशा ती भिंतीत लावायची. होळीपर्यंत दगडी पायावर तीन भिंती छातीएवढ्या आल्या. मग एक दिवस वामनराव आले. त्यांचा चेहरा पडलेला होता.

"सत्यभामाबाई, मार्चअखेर साहेब येणार आहेत, सरकारी वस्तू मोजायला. दाब्या चावडीत दिसायला हवा. नाहीतर माझ्या नावावर हरवल्याची नोंद होईल."

"किती दिस हायेत?"

"आठ."

तिने विटांच्या रांगांकडे पाहिले. अजून अडीचशे कमी होत्या. तिने पदर पुन्हा खोचला आणि चाळणी उचलली. वामनराव गेले.

त्या आठ दिवसांतली एक गोष्ट मला तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायची आहे. पहिले दोन दिवस तिने पहाटेपासून काम केले. तिसऱ्या दिवशी तिचे खांदे वर जाईनात. दुपारी तिने मातीच्या ढिगावर आणखी एक तांब्या पाणी शिंपडले. दांडा अलगद खाली आला. वीट गुळगुळीत, चकचकीत निघाली. तिने मूठ आवळून पाहिली नाही. पुढच्या दिवशी दोन तांबे. आता तिला लोंबकळावे लागत नव्हते. दिवसाला चाळीस-चाळीस विटा पडू लागल्या.

ओल जास्त आहे हे मला पहिल्याच विटेला समजले होते. पण माझेही सांधे इतके दिवस कुरकुरत होते. तेव्हा त्या मऊ मातीने मलाही बरे वाटले. तिची चूक मला सुखाची वाटली, हे आठवले की अजून माझे लोखंड तापते.

मार्च संपला त्या दिवशी जीप आली. मला चावडीत न्यायला गाडीच मिळाली नव्हती. वामनराव घामाघूम होऊन सांगू लागले की यंत्र ओढ्याकाठी आहे, आत्ता आणतो. साहेबांनी जीप ओढ्याकडे घ्यायला लावली, खिडकीतूनच माझ्यावरचा नंबर वाचला आणि वहीत खूण केली.

"चालतं का?"

"चालतं, साहेब."

"मग राहू द्या इथंच."

जीप गेली. सत्यभामाबाई विटांच्या रांगेजवळ खाली बसली. "इतलंच होतं का?" ती म्हणाली. वामनराव मान खाली घालून चप्पल मातीत घासत राहिले.

चौथी भिंत तिने त्याच विटांनी उभी केली. त्या वाळायला तीन आठवडे हवे होते. तिने पाच दिवस दिले. आखाजी जवळ येत होती. चैत्राचे ऊन लागले तशी भिंतीत आधी केसासारखी एक रेघ आली, मग तीत नख जाऊ लागले, मग बोट. आठव्या दिवशी भिंतीने मधून बाहेर पोट काढले.

पंजाबराव बैल घेऊन चालले होते ते थांबले. आज त्यांच्या तोंडात थट्टा नव्हती.

"वैनी, हे पाडा लागते."

"माहीत हाये मले."

"हिच्याखाली पोरीले निजवानं नाही."

"माहीत हाये म्हनलं ना, भाऊजी."

ते गेले. आखाजीला अकरा दिवस उरले होते. मला वाटले ती भिंतीला हात लावून ढकलून देईल. एका रेट्यात पडली असती. पण तिने वरून एकेक वीट काढली, जशी लावली होती तशीच दोन्ही तळहातांत धरून, आणि खाली ठेवली. सगळी भिंत उतरायला दोन दिवस लागले. मग माझ्याजवळ येऊन तिने माझ्या थंड झाकणावर कपाळ टेकले.

"तुले का बोलू, बापा? पानी म्याच घातलं," ती म्हणाली. "सरकारनं बी नाही, तुनं बी नाही."

मला बोलता येत असते तर मी म्हटले असते, की बाई, मीही गप्प राहिलो.

मित्रांनो, मातीचा एक मोठा गुण आहे. भाजलेली वीट फुटली तर फुटलीच. दाबलेली वीट मात्र पुन्हा माती होते. सत्यभामाबाईने त्या सगळ्या विटा मोगरीने फोडल्या, उन्हात पसरल्या, चाळल्या, आणि मूठ आवळून, कंबरेच्या उंचीवरून टाकून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता ती एकही तांब्या जास्त घेत नव्हती. दांडा जड येत होता. ती लोंबकळत होती.

आखाजी आली. दोन लांब भिंतींवर बांबू टाकून तिने गवताचे छप्पर केले होते. तीन भिंती पक्क्या होत्या. चौथ्या बाजूने ओढा, बाभळी आणि आभाळ सरळ आत येत होते. तिने नवऱ्याच्या नावाने घागर पुजली, नैवेद्य दाखवला. जानेफळला जायची एसटी यायची वेळ झाली तेव्हा ती दारात उभी होती. पण ती गेली नाही. दिलेला शब्द मोडला होता. ती परत येऊन माती चाळू लागली, आणि त्या दिवशी माझ्याशीही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी धाडकडून एक छकडा आला. त्यातून आधी एक उंच, ठसठशीत कुंकू लावलेली बाई उतरली. मग तिने हात धरून बेबीला जपून उतरवले.

सत्यभामाबाईच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

"आखाजी झाली, इहीनबाई," रुक्मिणीबाई म्हणाली. "पोरगी तीन दिस झाले वाटेकडं पाहून राह्यली. ना खाते, ना पेते. आठवा लागाले आठ दिस उरले. म्हनलं, आपुनच पाहून यावं, घर हाये का नाही थे."

ती खोलीभोवती फिरून आली. "चौथी भीत कुठं हाये?"

सत्यभामाबाईने बाभळीच्या सावलीकडे बोट केले. तिथे ओल्या गोणपाटाखाली विटांच्या रांगा होत्या.

"थे सुकून राह्यली."

रुक्मिणीबाईने गोणपाट उचलून पाहिले. "मंग लावत काऊन नाही?"

"घाईनं एक डाव लावली. ओली होती. पाडा लागली." सत्यभामाबाईने नजर खाली घेतली नाही. "हे वीस दिस सुकल्याबिगर मी लावनार नाही. मंग तुमी पोरगी ठेवा का घेऊन जा."

बेबी तेवढ्यात आत जाऊन, पाय पसरून, भिंतीला पाठ टेकून बसली होती.

"माय व, किती थंडगार हाये!" ती आतून म्हणाली, मग सासूला हाक मारली. "आत्याबाई, या ना, बसून तं पाहा."

रुक्मिणीबाई आत गेली. तिने भिंतीवरून तळहात फिरवला, मग दुसऱ्या भिंतीवरून. बोटाने एका विटेवर टकटक केले. बाहेर आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"हे सारं एकटीनं केलं?"

"एकटीनं कुठं? हा होता ना," सत्यभामाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली.

तेवढ्यात पंजाबराव गाडीभर तुराट्या घेऊन आले. विहीण आल्याचे त्यांनी वावरातून पाहिले होते. "भीत लागेतोवर या बाजूनं कूड करून देतो," ते उतरता उतरताच बोलू लागले. "अन् इहीनबाई, सांगून ठेवतो, म्या वैनीले घराभाईर काढलं नाही."

"कोन म्हनते तसं?" रुक्मिणीबाई म्हणाली. "तुमच्या पडवीपक्षा हे बरं हाये, इतलंच म्हनतो मी."

बेबी हसली, आणि मग पंजाबरावांनाही हसू आले.

अजून चाळीस विटा पाडायच्या होत्या. रुक्मिणीबाईने लुगड्याचा पदर कमरेला आवळला आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "हा दांडा कोनत्या आंगानं ओढा लागते?"

"थांबा, इहीनबाई. ओल पाहू द्या आधी," सत्यभामाबाई म्हणाली, आणि तिने माती मुठीत घेतली.

इतक्या महिन्यांत दांड्याला न लोंबकळता, पाय जमिनीवर रोवून ओढणारे वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा लागले. वीट निघाली ती काठाकोपऱ्यांनी इतकी नेटकी होती की दोघी विहिणी क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिल्या.

रुक्मिणीबाई चार दिवस राहिली आणि बेबीला ठेवून गेली. पंजाबरावांचा तुराट्यांचा कूड एकवीस दिवस टिकला. मग त्या जागी चौथी भिंत लागली. तिला भेग गेली नाही. पाऊस लागल्यावर, आषाढात, बेबीला मुलगी झाली. बाळंतिणीची शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, पाहायला आलेल्या बायका, सगळे त्या खोलीत मावले.

त्यानंतर मला बरे दिवस आले. पुढच्या वर्षी ओढ्याकाठी आणखी चार घरे झाली. सत्यभामाबाई प्रत्येक ठिकाणी जाऊन माती मुठीत धरून बघायची, आणि ओली असली तर मोठ्या माणसांनाही थांबवायची. पुढे गावात ट्रकमधून भाजलेल्या विटा येऊ लागल्या, मग सिमेंट आले. मला कुणी बोलावीना. पेटीच्या आतला गुळगुळीतपणा गंजाने खाल्ला. माझा दांडा कुणीतरी फाटकाला अडसर म्हणून काढून नेला होता. तो वामनरावांनी शोधून परत आणला. याबद्दल माझी कुणाविषयी तक्रार नाही.

मित्रांनो, माझे फार मागणे नाही. मला रंग देऊ नका. जमले तर पेटीच्या आत थोडे तेल लावा, म्हणजे कुणाला उद्या माझी गरज पडली तर मी उपयोगी पडेन. कुठेही घर बांधायचे असेल तर माती हातात धरून पाहा आणि वीट वाळायला तिचा वेळ द्या. आणि कुणी बाई किंवा बाप्या एकट्याने बांधत असेल, तर येता-जाता त्याच्या पाण्याच्या तांब्याकडे नजर टाका. पाणी वाढले असेल तर समजा, ते माणूस थकले आहे. त्याला चूक सांगत उभे राहू नका. आधी दांडा धरा.